त्र्यंबकचा पाऊस आणि दोन किनाऱ्यांवरची खारफुटी

गोदावरीवरच्या गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की नाशिककर आधी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघतात. पाणी त्याच्या कमरेला लागलंय की छातीला, यावरून पुराचा अंदाज बांधायचा ही इथली जुनी रीत. मग कोणीतरी हळहळतं, एवढं पाणी समुद्रात वाया चाललं! मला ते वाया गेलेलं वाटत नाही.

त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीवर उगम पावलेली गोदावरी १४६५ किलोमीटर वाहत बंगालच्या उपसागराला मिळते. तिच्या मुखाशी, आंध्रात काकीनाड्याजवळ, कोरिंगाचं खारफुटीचं, म्हणजे खाऱ्या चिखलात वाढणाऱ्या झाडांचं, जंगल आहे. त्र्यंबकच्याच डोंगरात उगम पावणारी वैतरणा मात्र पश्चिमेला उतरते आणि पालघर जिल्ह्यातल्या खाडीतून, तिवर या खारफुटीच्या झाडांच्या कडेकडेने, अरबी समुद्र गाठते. एका डोंगराचा पाऊस असा दोन्ही किनाऱ्यांवरच्या खारफुटीला पोचतो.

खाडीच्या चिखलात मुळांना प्राणवायू मिळत नाही. म्हणून तिवराची काही मुळं वर येतात. ओहोटीला झाडाभोवती पेन्सिलीएवढे शेकडो खुंट चिखलातून उभे दिसतात. त्यांच्यावरच्या बारीक छिद्रांतून झाड श्वास घेतं. पानावर बोट फिरवून जिभेला लावलं तर खारट लागतं, कारण शोषलेलं जादा मीठ पानं बाहेर टाकतात. कांदळ या दुसऱ्या खारफुटीच्या झाडाचं बी तर फांदीवर असतानाच रुजतं आणि लांबलचक कोंब फुटल्यावर खाली पडतं.

या मुळांच्या गुंत्यात पाणी मंदावतं, गाळ बसतो, कोळंबी आणि माशांची पिल्लं वाढतात. चिखलात पडलेला पाला फार सावकाश कुजतो, त्यामुळे त्यातला कार्बन दीर्घकाळ जमिनीतच राहतो. १९९९ च्या महाचक्रीवादळात ओडिशातल्या केंद्रापाडा जिल्ह्यात ज्या गावांपुढे खारफुटीचा पट्टा रुंद होता, तिथे मृत्यू कमी झाल्याचं अभ्यासात आढळलं.

पण ही झाडं नुसत्या खाऱ्या पाण्यावर नीट वाढत नाहीत. त्यांना नदीचं गोडं पाणी लागतं, आणि गाळही. नदीमुखाची जमीन हळूहळू खचत असते. ती भरून काढतो तो दर पावसाळ्यातला नवा गाळ. गोदावरीचा गाळ आता जायकवाडी, श्रीरामसागर अशा धरणांत अडतो. मुखाशी पोचणारा गाळ गेल्या काही दशकांत खूप घटलाय आणि तिथला किनारा काही ठिकाणी समुद्र खातोय.

धरणं नकोत असं मी म्हणणार नाही. आपल्या द्राक्षबागा आणि घरचे नळ त्यांच्यावरच चालतात. मात्र समन्यायी पाणीवाटपावरून, म्हणजे धरणांतलं पाणी सगळ्या भागांना न्याय्यपणे वाटण्यावरून, नाशिक, नगर आणि मराठवाडा भांडतात तेव्हा नदीमुखाचा वाटा कोणीच मांडत नाही. तो मांडायला हवा, निदान पावसाळ्यातल्या गढूळ पाण्यापुरता तरी.