ट्रेडवेअरचा आकडा आणि ट्रॅक्शनचं अक्षर, वळणावरची पकड नेमकी कशात दिसते?

परवा मावसभावासोबत वर्धा रोडवर टायर पाहायला गेलो, त्याच्या गाडीचे चारही पार गोटा झालेले. दुकानात एकाच साइजचे दोन टायर समोर ठेवले, एकावर ट्रेडवेअर ४२० ट्रॅक्शन ए, दुसऱ्यावर ट्रेडवेअर २४० ट्रॅक्शन एए. भाऊ लगेच म्हणे, "म्हणजे हा जास्त चालतो अन् तो वळणावर चांगला पकडतो, हो ना दादा?" अर्धं बरोबर आहे, पण अर्धं नाही, आणि बरेच जण असंच समजतात म्हणून लिहून राहिलो.

ट्रेडवेअरचा आकडा हा टायरच्या आयुष्याचा, म्हणजे तो किती टिकेल याचा. अमेरिकेत टेक्सासमध्ये ठरलेल्या ६४० किमीच्या रस्त्यावर गाड्या फिरवतात, एकूण साडेअकरा हजार किमीच्या आसपास, आणि १०० नंबरच्या स्टँडर्ड टायरच्या मानाने किती घासला ते बघतात. तिथल्या हिशोबाने ४०० वाला २०० वाल्याच्या दुप्पट टिकतो. पण आकडा कंपनीच ठरवून छापते, त्यामुळे एकाच कंपनीच्या दोन टायरांत तुलना करा, वेगवेगळ्या कंपन्यांचे आकडे नुसते एकमेकांसमोर ठेवून फार काही कळत नाही.

ट्रॅक्शनच्या अक्षराचं वेगळं आहे, त्यात एए सगळ्यात वरचं, मग ए. ओल्या डांबरावर आणि ओल्या सिमेंटवर सरळ रेषेत चाक लॉक करून टायर किती धरतो, फक्त तेवढंच ते सांगतं. वळणाचं त्यात काहीच नाही, पाणी साचलेल्या रस्त्यावर गाडी तरंगण्याचंही नाही!

मग वळणाचं कुठे बघायचं? टायरच्या खांद्यावर, म्हणजे नक्षीच्या बाहेरच्या कडेला. मी भावाला दोन्हीवर अंगठा दाबायला लावला. २४० वाल्याचे बाहेरचे ब्लॉक, म्हणजे नक्षीतले रबराचे ठोकळे, मोठे, एकमेकांना जोडलेले, दाबले तरी हलत नव्हते, पण नख रबरात जरा रुतत होतं. ४२० वाल्यात बारीक बारीक चिरा, ब्लॉक बोटाखाली डुलत होता अन् रबर टणक. स्टिअरिंग वळवलं की गाडी वळायला जो क्षणभर उशीर लागतो ना, तो बराचसा या डुलण्यातून येतो. म्हणूनच नव्या टायरपेक्षा निम्मा घासलेला टायर कोरड्या रस्त्यावर जास्त चटपटीत वाटतो, ब्लॉकची उंची कमी झालेली असते. पण पावसात तोच दगा देतो, आणि खाचेतल्या १.६ मिमीच्या खुणेला टेकला की बदलायलाच पाहिजे.

आता आपल्या नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या वर, सिमेंटचे रस्ते, आणि समृद्धीवर तासन् तास १२० चा स्पीड. यात मऊ रबर लवकर उडतं. भावाचं रोजचं बर्डी ते मिहान आणि महिन्यातून एकदा समृद्धीने संभाजीनगर, त्याला २४० परवडणार नव्हता, आणि ४२० घेतला असता तर गाडीची मजाच गेली असती. मी त्याच कंपनीचा मधला ३२० चा मागवायला लावला, टेंपरेचर ए (टायर उष्णता किती सोसतो त्याचं सगळ्यात वरचं अक्षर) बघून, खांदा भरीव बघून. दोन दिवसांनी आला, चारही एकदम बसवले, अलाइनमेंट करून घेतली, आणि हवा सकाळी टायर थंड असतानाच चेक करत जा म्हणून बजावलं.