टायरवरचा साइज की दारातल्या स्टिकरवरचा? सेकंडहँड गाडीचे टायर बदलताना

सेकंडहँड गाडी घेतली, टायर झिजलेत, बदलायला हवेत. दुकानात गेल्यावर बहुतेक जण गाडीला असलेल्या टायरकडे बोट दाखवतात आणि म्हणतात, हाच साइज द्या. गाडी शोरूममधून आपणच घेतली असेल आणि टायर मूळचेच असतील, तर यात काही बिघडत नाही. पण मधे एक-दोन मालक होऊन गेले असतील, तर टायरवरचा आकडा एवढंच सांगतो की त्यांनी शेवटी काय बसवलं. गाडीला काय हवं ते स्टिकरवर लिहिलेलं असतं.

हा स्टिकर बहुधा ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर दिसतो, काही गाड्यांत इंधनाच्या झाकणाच्या आत असतो, आणि तीच माहिती मॅन्युअलमध्येही असते. त्यावर टायरचा साइज असतो, पुढच्या-मागच्या चाकांत किती हवा भरायची ते असतं, आणि बऱ्याचदा भारांकही, म्हणजे टायर किती वजन पेलतो ते सांगणारा आकडाही असतो. टायरवरही साइज, भारांक आणि हवेचा आकडा असतो. दोन्हीकडे दिसायला माहिती एकच, म्हणून घोटाळा होतो.

समजा स्टिकरवर १८५/६५ आर १५ ८८ एच लिहिलंय. १८५ ही टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ६५ म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के, म्हणजे साधारण १२० मिलिमीटर. आर म्हणजे रेडियल ही टायरची बांधणी, आणि १५ हा रिमचा व्यास, इंचात. ८८ एच बद्दल पुढे बोलू. १५ इंच म्हणजे ३८१ मिलिमीटर. त्यात वरची आणि खालची भिंत मिळवली की अख्ख्या चाकाचा व्यास येतो ६२१.५ मिलिमीटर. दुकानात जाण्याआधी हा शेवटचा आकडा काढून ठेवा, पुढचं सगळं त्याच्यावर ठरतं.

आता टायरकडे बघा. तिथे २०५/६५ आर १५ आहे. रिम तोच, ६५ तोच, फक्त रुंदी २० मिलिमीटरने वाढवली, असं वाटतं. पण ६५ ही टक्केवारी आहे. रुंदी वाढली की भिंतही उंच होते. या टायरचा व्यास ६४७.५ मिलिमीटर भरतो, म्हणजे मूळापेक्षा चार टक्क्यांहून थोडा जास्त. स्पीडोमीटर चाकाचे फेरे मोजतो, त्यामुळे मूळ टायरवर जिथे गाडी १०० ने जात होती तिथे आता ती १०४ ने जाते आणि काटा मात्र जागचा हलत नाही. संयुक्त राष्ट्रांचं वाहनांसाठीचं नियमन ३९ सांगतं की स्पीडोमीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी वेग कधीच दाखवू नये. म्हणून कंपन्या काटा मुळातच थोडा पुढे ठेवतात, आणि मोठा टायर नेमकी तीच सवलत खाऊन टाकतो. गाडी घेतानाही हे लक्षात असू द्या: पहिल्यापासून असे टायर असतील आणि मीटर ५०,००० किलोमीटर दाखवत असेल, तर गाडी प्रत्यक्षात ५२,००० च्या आसपास फिरलेली असते.

शिवाय असा टायर आतल्या आणि बाहेरच्या बाजूला प्रत्येकी १० मिलिमीटर रुंद असतो, वरच्या बाजूला १३ मिलिमीटर जास्त जागा घेतो. रिकाम्या गाडीत सरळ रस्त्यावर काहीच जाणवत नाही. मागे तीन माणसं, डिकीत सामान आणि स्टिअरिंग पूर्ण वळवलेलं असलं की घासल्याचा आवाज येतो. व्हील आर्चच्या, म्हणजे चाकावरच्या कमानीच्या, आतल्या प्लास्टिकवर चकचकीत घासल्याची खूण आहे का, ते गाडी घेतानाच हात घालून पाहा. खूण असेल तर साइज चुकल्याची शंका घ्यायला जागा आहे.

मग नेहमी स्टिकरच खरा? रिम मूळचे असतील तर होय, आणि मी त्यावर ठाम आहे. अडचण येते ती आधीच्या मालकाने रिमच बदलले असतील तेव्हा. १६ इंची अलॉय बसवलेले असतील तर स्टिकरवरचा १५ इंची टायर त्यावर चढणारच नाही. अशा वेळी स्टिकर टाकून द्यायचा नाही, त्याच्यावरून काढलेला व्यास हाताशी धरायचा. १९५/५५ आर १६ घेतला तर व्यास येतो सुमारे ६२१ मिलिमीटर, मूळच्या इतका जवळ की काट्याला फरक कळणार नाही. मूळच्या व्यासापासून दीड टक्क्यापलीकडे मी जाणार नाही. रिमची रुंदीही पाहा. रिमवर ५.५ जे किंवा ६ जे असं कोरलेलं असतं, ती त्याची इंचातली रुंदी, आणि प्रत्येक टायर ठरावीक रुंदीच्या रिमवरच नीट बसतो. फोर-व्हील ड्राइव्हच्या, म्हणजे इंजिन चारही चाकं फिरवतं अशा गाडीत तर चारही टायरचा घेर सारखाच हवा, नाहीतर पुढच्या-मागच्या चाकांच्या फरकाचा ताण ट्रान्समिशनवर पडतो.

व्यास जुळला म्हणजे काम झालं, असं मात्र समजू नका. ८८ हा भारांक म्हणजे एका टायरने ५६० किलो पेलायचे. १९५/५५ आर १६ बऱ्याचदा ८७ मध्ये येतो, म्हणजे ५४५ किलो. फरक एकाच अंकाचा, तरी स्टिकरपेक्षा खाली उतरू नये. याच साइजचा ९१ भारांकाचा एक्स्ट्रा लोड टायर मागा, तो ६१५ किलो पेलतो. मात्र त्या प्रकाराला तेवढा भार पेलण्यासाठी हवाही जास्त लागते, हे बसवणाऱ्याला विचारून घ्या. शेवटचं अक्षर वेगाचं: टी ताशी १९० किलोमीटरपर्यंत, एच २१० पर्यंत. मूळचं किंवा त्याच्या वरचं घ्यायचं, बस.

हवेच्या बाबतीत हीच गल्लत जास्त धोक्याची ठरते. टायरच्या भिंतीवर ४४ किंवा ५१ पीएसआय लिहिलेलं दिसतं. तो आकडा त्या टायरची कमाल मर्यादा आहे. तोच टायर वेगवेगळ्या वजनाच्या गाड्यांना लागतो, त्यामुळे तुमच्या गाडीला किती हवा लागते हे त्याला माहीत असणं शक्यच नाही. मूळ साइजसाठी स्टिकरवरचा आकडा पाळा, तोही टायर थंड असताना. ५१ भरली तर टायर मधोमध झिजतो, जमिनीला कमी टेकतो आणि ब्रेक लागायला अंतर जास्त लागतं.

स्टिकर फाटला असेल किंवा त्यावर रंग मारलेला असेल तर मॅन्युअल काढा. एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या व्हेरियंटना वेगळे साइज असतात, म्हणून चासी नंबर देऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडून खात्री करा. स्टिकर खांबाऐवजी दारावर असेल आणि अपघातानंतर दार बदललेलं असेल, तर तो दुसऱ्याच व्हेरियंटचा असू शकतो. अशा वेळी डिकीतली स्टेपनी उपयोगी पडते. ती पूर्ण आकाराची असेल तर बऱ्याचदा मूळचीच असते, कारण तिला कोणी हात लावलेला नसतो. तिच्या भिंतीवर लंबगोलात चार आकडे सापडतील, २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. हे साल गाडीच्या सालाशी जुळलं, तर तिचा साइज मूळचा मानायला हरकत नाही. तिचं वय मात्र तेच सांगतंय, तेव्हा चार नवे टायर घेताना पाचवाही घ्या.