भिरुडानं मारलेला आंबा जळणात कशाला?

शेजारच्यांच्या दारातला आंबा यंदा वाळला. बुंध्याशी ओल्या भुश्श्याचे ढिगारे पडायचे, म्हणजे भिरूड, खोड पोखरणारा किडा, आत शिरून बरेच दिवस झाले होते. शहरातलं झाड तोडायला १९७५ च्या कायद्यानुसार वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. ती मिळाली, झाड उतरलं आणि ओंडके जळणाच्या भावात टेम्पोत चढू लागले. एक मी मागून घेतला आणि सांगलीतल्याच एका वखारीत नेला.

"किडक्या आंब्यातून काय निघणार?" वखारवाले काका म्हणाले. पहिली फळी पडली तेव्हा आम्ही दोघेही वाकून बघत राहिलो. कडेला बोट जाईल एवढी भोकं, त्यांत ठासून भरलेला भुस्सा, एका भोकात पिवळट, जाडजूड अळी. तिथून चार बोटं आत मात्र लाकूड घट्ट, डाग नाही.

झाडाचा जीव साल आणि लाकूड यांच्यामधल्या पातळ थरापाशी असतो. पानांत तयार झालेलं अन्न सालीच्या आतल्या भागातून मुळांकडे उतरतं. अळी सुरुवातीला हेच पोखरते आणि खोडाभोवती वेढा पूर्ण झाला की मुळं उपाशी मरतात. लाकूड तर बहुतांशी आधीच मेलेल्या पेशींचं असतं. म्हणून झाड गेलं तरी लाकूड लगेच वाया जात नाही.

अमेरिकेत २००२ मध्ये डेट्रॉइटजवळ आशियातून आलेला हिरवा भुंगा सापडला. त्यानं अॅश जातीची कोट्यवधी झाडं मारली. त्याची अळी सालीखालीच नागमोडी वाटा कोरते, लाकडात खोल जात नाही. जवळच्या अॅन आर्बर शहरात अशाच झाडांच्या लाकडातून एका ग्रंथालयाची जमीन आणि खांब झाले. खांबांवर अळ्यांच्या वाटा तशाच दिसतात. मला ते फार आवडलं.

आपला भिरूड मात्र पुढे लाकडातही घुसतो, त्यामुळे प्रत्येक ओंडका असा निघेलच असं नाही. शिवाय ओंडके सालीसकट पडून राहिले तर आतल्या अळ्यांचे भुंगे होतात आणि शेजारच्या आंब्यावर जातात. म्हणून कापणी लवकर हवी. निर्यातीच्या द्राक्षांखालचे लाकडी पॅलेट, म्हणजे खोकी रचायच्या चौकटी, गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला सलग ३० मिनिटं तापवतात, ते असेच किडे मारायला. लाकडातलं पाणी २० टक्क्यांखाली गेलं की बुरशीही कुजवू शकत नाही.

माझ्या फळ्या आता व्हरांड्यात, मध्ये पट्ट्या घालून, थप्पी लावून ठेवल्या आहेत. टोकांना रंग फासलाय, नाहीतर चिरा पडतात. दर रविवारी एक फळी काट्यावर ठेवतो. वजन उतरायचं थांबलं की सुताराला बोलावणार, आधी दोन पाट करायला.