आर भाषेत मेनूतील निवडीनुसार ओळी गाळणे

तक्त्यातील कोणत्या ओळी पाहायच्या हे वापरणाऱ्याने मेनूतून सांगायचे आणि आज्ञावलीने तेवढ्याच ओळी समोर ठेवायच्या, ही आर या संख्याशास्त्रीय संगणकभाषेतील रोजच्या वापरातली पद्धत. साध्या कन्सोलवर, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, ‘मेनू’ हे फंक्शन (तयार आज्ञा) क्रमवार यादी दाखवते. त्यातून हाती येतो तो पर्यायाचा क्रमांक. ० आला तर काहीच निवडलेले नाही असे समजायचे. ब्राउझरमध्ये हेच काम २०१२ साली आलेल्या ‘शायनी’ या पॅकेजने, म्हणजे आरला जोडायच्या तयार फंक्शनांच्या संचाने, होते. त्यातील ‘सिलेक्ट-इनपुट’ पर्यायाचे मूल्य अक्षररूपात देते. गाळणी, म्हणजे ओळी निवडण्याची अट, ‘रिॲक्टिव्ह’ (निवड बदलली की आपोआप पुन्हा चालणाऱ्या) फंक्शनात लिहिली की निवड बदलताच तक्ताही बदलतो. तिथून बाहेर, आज्ञावलीच्या एकदाच चालणाऱ्या ओळीत ती निवड वाचू गेल्यास आर चूक दाखवून थांबते.

ही चूक निदान दिसते. खरा धोका न दिसणाऱ्या चुकीत असतो, आणि मेनूतून एकाहून अधिक पर्याय निवडण्याची मुभा दिली की ती हमखास होते. आरसोबत येणाऱ्या ‘एमटीकार्स’ तक्त्यात ३२ मोटारी आहेत: ४ सिलिंडरच्या ११, ६ च्या ७, ८ च्या १४. वापरणाऱ्याने ४ आणि ६ निवडले, तर १८ ओळी यायला हव्यात. पण तुलना ‘==’ या समानता तपासणाऱ्या चिन्हाने केली तर येतात फक्त १०. कारण आर ती दोन मूल्ये आळीपाळीने वापरते: पहिल्या ओळीची तुलना ४ शी, दुसरीची ६ शी, तिसरीची पुन्हा ४ शी. ३२ ला २ ने पूर्ण भाग जातो, म्हणून इशाराही मिळत नाही. तक्ता नीटनेटका दिसतो आणि आठ मोटारी गायब असतात. इथे दोन टक्केचिन्हांमधला ‘इन’ (%in%) हाच योग्य. तो प्रत्येक ओळीचे मूल्य निवडलेल्या संचात आहे का, एवढेच पाहतो.

अशा मेनूत काहीच निवडले नाही, तर ‘नल’ (काहीच नसलेले मूल्य) येते आणि ‘इन’च्या गाळणीतून एकही ओळ उरत नाही. रिकामा तक्ता दाखवायचा नसेल, तर ‘रेक’ (req) फंक्शन निवड होईपर्यंत काम थांबवून धरते. यादीत ‘सर्व’ असा पर्याय ठेवला, तर मात्र अट वेगळी लिहावी लागते, कारण ‘सर्व’ हे मूल्य तक्त्यातल्या कोणत्याच ओळीत नसते.