सक्रिय आर्थिक धोरण आणि अनिश्चितता

मंदीत सरकारी खर्च वाढवणे किंवा व्याजदर उतरवणे आणि तेजीत हात आखडता घेणे, याला सक्रिय आर्थिक धोरण म्हणतात. ते किती राबवावे, हा वाद अनिश्चिततेभोवती फिरतो. अर्थतज्ज्ञ फ्रँक नाइट यांनी 1921 मध्ये मोजता येणारी जोखीम आणि न मोजता येणारी अनिश्चितता यांत भेद केला. अर्थतज्ज्ञ जॉन मेनार्ड केन्स यांच्या मते अशा अनिश्चिततेत गुंतवणूकदार बिचकतो, म्हणून सरकारने पुढे व्हावे. मिल्टन फ्रीडमन यांचा आक्षेप असा, की उपाय लागू पडायला बराच वेळ जातो आणि तो किती, हेही ठाऊक नसते. मंदीवरची मात्रा तेजीत लागू पडली तर चढउतार वाढतातच.

गोव्याने याचा चटका सोसला आहे. 2012 च्या वसंतात, खाणी चालू असतानाच, राज्याने पेट्रोलवरचा व्हॅट जवळजवळ काढून टाकला, म्हणजे हातचा महसूल सोडला. सप्टेंबरात लोहखनिजाच्या खाणी थांबल्या. डिचोली, सांगे या खाणभागांत खनिज वाहणारे टिपर ट्रक दारात उभे राहिले, चाकांभोवती गवत वाढले, बँकेचा हप्ता मात्र थांबला नाही. कर्जदारांसाठी दिलासा योजना आली ती 2014 मध्ये. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने वर्षाला 2 कोटी टनांची मर्यादा घालून उत्खननाला वाट दिली आणि 2018 मध्ये 88 खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले. खाण कधी सुरू होईल हेच ठाऊक नसताना मदत किती काळ द्यायची, हे कोणत्या हिशेबाने ठरवणार?

विल्यम ब्रेनार्ड यांनी 1967 मध्ये दाखवले, की उपायाच्या परिणामाचीच खात्री नसेल तर तो बेताने वापरावा. हे दर वेळी खरे नाही. टिपर एकदा भंगारात गेला की उशिरा आलेला पैसा तो परत आणत नाही. नुकसान भरून न येणारे असेल तिथे थांबणेच महागात पडते. मार्च 2020 मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती बँकांना कर्ज देते तो व्याजदर, एकदम 0.75 टक्क्यांनी उतरवला तो म्हणूनच योग्य वाटतो.

तिसरा मार्ग आपोआप चालणाऱ्या व्यवस्थेचा. गोव्यात खाडीकाठी बांध घालून केलेल्या खाजन शेतीत पाणी अडवणारी झडप असते, ती मानस. मानशीची दारे भरतीच्या दाबाने मिटतात, ओहोटीला उघडतात. हुकमाची वाट पाहावी लागत नाही. उत्पन्नाबरोबर घटणारा कर आणि बेकारी भत्ता असेच काम करतात. घटक राज्याकडे अशी दारे थोडी. नोटा छापता येत नाहीत, केंद्राच्या मर्यादेबाहेर कर्ज काढता येत नाही. महसूल आटला की खर्चालाच कात्री लागते, आणि मानस नेमकी उलटी चालते.