कर्कीचा मेळा आणि पुण्याहून येणारी पेटी

१९८३ च्या पावसाळ्यात सांगलीत विश्रामबागेतल्या एका शाळेच्या हॉलमध्ये मी ‘बायसिकल थीव्ह्ज’ पाहिला. पडदा म्हणून दोन पांढऱ्या चादरी शिवून एक केली होती. सोळा मिलिमीटरचा प्रोजेक्टर एकच. त्यामुळे रीळ संपलं की दिवे लागायचे आणि दुसरं चढेपर्यंत कुणीतरी खिडकी उघडून पावसाचा अंदाज घ्यायचं. माझ्या पुढच्या रांगेत एक निवृत्त मास्तर आणि त्यांच्या बाई बसल्या होत्या. पडद्यावर इटालियन, खाली इंग्रजी अक्षरं. मास्तर ती वाचून बाईंच्या कानाशी मराठीत सांगत होते. सगळं नाही, लागेल तेवढंच. ‘तो म्हणतोय, सायकल असेल तरच काम.’ ‘ती म्हणतेय, चादरी देऊन टाकू.’ पहिल्या रिळाला मला त्याचा राग आला. दुसऱ्या रिळाला आजूबाजूचे चार-पाच जण त्यांच्याकडे कान देऊन बसले होते आणि त्यांत मीही होतो.

त्या सिनेमात गहाण पडलेली सायकल सोडवायला बायको घरातल्या चादरी धुऊन, बांधून दुकानात नेते. पैसे मिळतात. मग दुकानातला माणूस तो गठ्ठा घेऊन शिडीसारख्या फळ्यांवर चढायला लागतो, कॅमेरा त्याच्याबरोबर वर जातो आणि आपल्याला दिसतं की छतापर्यंत नुसते चादरींचेच गठ्ठे आहेत. एक शब्द नाही. गावातली किती घरं उघड्या गादीवर झोपतात, ते त्या एका चढण्यात कळतं. माझे वडील मार्केट यार्डात हळदीच्या अडत्याकडे दिवाणजी होते, रोज सायकलवर जायचे. त्या रात्री घरी आलो तेव्हा त्यांची सायकल ओट्यावर कुलूप लावून उभी होती. मी कुलूप ओढून पाहिलं.

जागतिक सिनेमाचं वेड सांगलीसारख्या गावात कुठून आलं, असं मला अनेकदा विचारतात. विचारण्यात थोडं नवल असतं, जणू ते मुंबईतल्या कुणाची तरी उधारी आहे. माझं उत्तर त्या मास्तरांपासून सुरू होतं आणि तिथून बरंच मागे जातं.

सांगलीला नाट्यपंढरी म्हणतात. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली इथे ‘सीता स्वयंवर’ केलं आणि ५ नोव्हेंबर हा आपण मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळतो, हे शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. त्याच्या आधीची गोष्ट मात्र कमी सांगितली जाते. उत्तर कानड्यातल्या कर्की गावची भागवत मंडळी सांगलीत खेळ करून गेली होती. भाषा कानडी. संस्थानिक चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांना ते खेळ पाहून वाटलं, असं काही मराठीत व्हायला हवं, आणि त्यांनी ते काम भाव्यांवर सोपवलं. म्हणजे ज्या नाटकाचा आपण अभिमान बाळगतो, त्याची सुरुवात परक्या भाषेतला खेळ समोर बसून पाहण्यातून झाली. भाव्यांच्या नाटकात पदं सगळी सूत्रधार म्हणायचा. पात्रं त्यावर अभिनय करायची आणि आयत्या वेळी सुचेल तसं बोलायची. सोंग एकाचं, कथन दुसऱ्याचं. मास्तर बाईंसाठी करत होते ते याहून फार वेगळं नव्हतं.

जपानमध्ये तर याचा पेशाच होता. मूकपटांच्या काळात पडद्याशेजारी बेन्शी बसायचा, गोष्ट सांगायचा, सगळ्या पात्रांचे आवाज काढायचा. लोक नटाइतकेच बेन्शीच्या नावावर तिकीट काढायचे. दिग्दर्शक अकिरा कुरोसावांचा थोरला भाऊ बेन्शी होता. बोलपट आले, त्याचं काम गेलं आणि १९३३ साली त्याने आत्महत्या केली. धाकट्या भावाच्या ‘राशोमोन’ला १९५१ साली व्हेनिस महोत्सवाचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं. त्या सिनेमात एकाच खुनाची हकीकत चौघं चार तऱ्हांनी सांगतात. ज्याच्या घरात सांगणाराच्या आवाजावर गोष्ट उलटते हे लहानपणापासून पाहिलेलं आहे, त्यालाच हे सुचावं, असं मला वाटत आलं आहे.

आता पेटीची गोष्ट. आमचं मंडळ म्हणजे फिल्म सोसायटी, सिनेमे मागवून एकत्र पाहणाऱ्यांची. तिच्याकडे सिनेमा यायचा तो पुण्याहून, पत्र्याच्या पेटीत. ती पेटी जिथून निघायची त्या जागेचा वंश पुन्हा आपल्याच मुलखात येतो. प्रभात कंपनी १९२९ साली कोल्हापुरात सुरू झाली, १९३३ साली पुण्याला गेली. तिच्या ‘संत तुकाराम’चा १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरव झाला. कंपनी बंद पडल्यावर तिच्याच आवारात १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली आणि १९६४ साली पुण्यातच राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं. पी. के. नायर यांनी तिथे जुन्या प्रिंटांसाठी आयुष्य वेचलं. जपून ठेवलेला सिनेमा लोकांनी पाहिलाही पाहिजे, अशी त्यांची धारणा. म्हणून संग्रहालयाचा एक विभाग फिल्म सोसायट्यांना प्रिंट पाठवायचा.

सोसायट्यांची चळवळ त्याआधीची. सत्यजित राय, चिदानंद दासगुप्ता आणि त्यांच्या मित्रांनी १९४७ साली कलकत्त्यात पहिली ठिणगी टाकली. राय १९५० साली नोकरीच्या कामासाठी लंडनला गेले. तिथे त्यांनी काही महिन्यांत शंभराच्या आसपास सिनेमे पाहिले. त्यांत ‘बायसिकल थीव्ह्ज’ होता आणि ‘पथेर पांचाली’ आपण अशाच पद्धतीने करायचा, हे त्यांनी तो पाहून पक्कं केलं. जानेवारी १९५२ मध्ये मुंबईत भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय महोत्सव भरला आणि इथल्या दिग्दर्शकांनी इटलीचा नववास्तववाद, म्हणजे खऱ्या रस्त्यांवर साध्या माणसांच्या जगण्याचा सिनेमा, डोळ्यांनी पाहिला. १९५९ साली सोसायट्यांचा देशव्यापी महासंघ झाला, राय त्याचे अध्यक्ष. हे सगळं मोठ्या शहरांत घडत होतं. पण एकदा प्रिंट पेटीत बसून प्रवास करू लागली की गावाचा आकार आड येत नाही. कर्नाटकातल्या हेग्गोडू या खेड्यात के. व्ही. सुब्बण्णांच्या नीनासम या नाट्यसंस्थेने शेतकऱ्यांना राय, कुरोसावा, ‘बायसिकल थीव्ह्ज’वाले डी सिका दाखवले आणि शेतकऱ्यांनी ते नीट पाहिले. मला हा दाखला फार जवळचा वाटतो. कर्की आणि हेग्गोडू एकाच बाजूला, त्याच डोंगररांगेच्या खाली-वर.

पेटी सकाळी स्टेशनवर उतरवायची, दोघांनी सायकलच्या कॅरिअरवर धरून आणायची, रीळ हाताने फिरवत तपासायचं. कडेची भोकं फाटलेली असली तर तेवढा तुकडा कापून टाकायचा आणि दोन्ही टोकं फिल्म चिकटवायच्या सिमेंटने जोडायची. जोडलेल्या जागी सिनेमा किंचित उडी मारायचा. काही सिनेमे मला आजही त्या उड्यांसकट आठवतात आणि नीट केलेली नवी प्रत पाहताना उडी आली नाही की चुकल्यासारखं होतं.

सगळंच आवडलं असं नाही. इटलीच्या अंतोनिओनींच्या ‘लावेंतुरा’ला हॉलमध्ये चुळबुळ झाली. खडकाळ बेटावर सहलीला गेलेली मुलगी नाहीशी होते, सगळे शोधतात आणि मग सिनेमाच तिला विसरून जातो. ती शेवटपर्यंत सापडत नाही. दिवे लागल्यावर एक जुने नाटकवाले गृहस्थ उभे राहिले आणि खरोखर रागावून म्हणाले, ‘पात्र रंगमंचावरून गेलं, तर ते कुठं गेलं हे सांगायला लागतं.’ १९६० साली फ्रान्समधल्या कान महोत्सवातही या सिनेमाची पहिल्या खेळाला हुर्यो झाली होती आणि त्याच महोत्सवात त्याला ज्यूरीचं पारितोषिक मिळालं. मला त्या दिवशी गृहस्थांचं पटलं होतं. आता पटत नाही. माणूस हरवतो त्याहून त्याचं विस्मरण किती लवकर होतं, हे अंतोनिओनींनी दाखवलं. पण आमचे कान नाट्यपदांवर तयार झालेले, वाक्यावर टाळी द्यायची सवय. नुसत्या दिसण्यात अर्थ असतो, हे शिकायला आमच्या पिढीला दहाएक वर्षं लागली.

ते शिकवलं जपानच्या ओझूंनी. ‘टोकियो स्टोरी’ १९५३ चा. गावाकडचे म्हातारे आईबाप मुलांना भेटायला टोकियोला जातात, मुलांना सवड नसते, युद्धात गेलेल्या मुलाची विधवाच काय ती त्यांच्यासाठी रजा काढते. ओझूंचा कॅमेरा चटईवर बसलेल्या माणसाच्या उंचीवरून पाहतो. मला तो पाटावरून पाहिल्यासारखा वाटला. जेवायला बसलं की वाढणाऱ्याचे आधी पाय आणि पदर दिसतात, तसा. माझी आई भावाकडे डोंबिवलीला महिनाभर राहायला म्हणून जायची आणि बाराव्या दिवशी पिशवी घेऊन सांगलीत हजर व्हायची. ‘करमत नाही रे तिकडं,’ एवढंच. भावाने, वहिनीने कधी काही वाईट केलं नव्हतं. ओझूंच्या मुलांनीही केलेलं नाही, फक्त त्यांचा दिवस भरलेला असतो. हे कळल्यावर मी पुढच्या वेळी आईला उतरवून घ्यायला स्टेशनवर गेलो. त्याआधी ती रिक्षाने यायची.

पुढचा इतिहास लवकर सांगून होतो. व्हिडिओ आला, घरोघरी टीव्ही आला, हॉल भरेना, मंडळ थांबलं. २००२ पासून पुण्यात आंतरराष्ट्रीय महोत्सव होऊ लागला. आम्ही तिघं-चौघं रात्रीच्या एसटीने निघून पेठ नाका, कराड, सातारा करत पहाटे स्वारगेटला उतरायचो आणि दिवसाला चार-चार सिनेमे पाहायचो. मग केबलवर परदेशी सिनेमांच्या वाहिन्या आल्या आणि गेल्या, डीव्हीडीच्या तबकड्या आल्या. इराणच्या किआरोस्तामींचा ‘व्हेअर इज द फ्रेंड्स होम’ मी घरी तबकडीवर पाहिला. मित्राची वही चुकून आपल्या दप्तरात आली म्हणून एक पोरगा नागमोडी पाऊलवाटेने टेकडी चढतो. ती उघडी टेकडी, ते एकच झाड पाहताना मला जत-आटपाडीकडची माळरानं दिसत होती. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा घरात शिरली तेव्हा त्या सगळ्या तबकड्या आणि मंडळाची हस्तलिखित पत्रकं पाण्यात गेली.

आता सिनेमा फोनवरही मिळतो. मिळत नाहीत ती मराठी अक्षरं. म्हणून गेल्या वर्षापासून आम्ही काही जण आमच्यापुरती मराठी उपशीर्षकं लिहितोय. पहिला घेतला ‘टोकियो स्टोरी’. त्यात शेवटाकडे धाकटी मुलगी त्या विधवा भावजयीला एक प्रश्न विचारते. इंग्रजीत तो ‘आयुष्य निराशाजनक असतं, नाही का?’ अशा अर्थाने येतो. आम्ही ते तसंच मराठीत ठेवलं तर वाक्य मेलं. कुठली मुलगी ‘निराशाजनक’ म्हणेल? जपानी जाणणाऱ्या एका मैत्रिणीने सांगितलं की मूळ शब्द साधा आहे, नकोसं वाटण्याचा, आणि ती तिला हाक मारते ती नात्याची, जी इंग्रजीत गळून गेली. दोन संध्याकाळी आम्ही त्यावर घालवल्या. शेवटी लिहिलं : ‘वहिनी, नकोच वाटतं ना गं हे सगळं?’ आणि उत्तराला फक्त, ‘हो.’