गाठ तुकड्यांत काढायची की अखंड?

मूत्राशयातली गाठ दुर्बिणीतून काढण्याच्या दोन पद्धतींची तुलना सध्या युरॉलॉजीत (मूत्ररोगशास्त्रात) जोरात चालू आहे. जुनी पद्धत म्हणजे टीयूआरबीटी. तिच्यात विजेच्या तारेच्या फासानं गाठ खरवडत तुकड्या-तुकड्यांनी काढतात. नवी ‘एन ब्लॉक’ पद्धत गाठीच्या कडेनं चर मारून ती बुंध्यासकट एकसंध सोडवते. वाद आजचा असला तरी त्याचं मूळ जवळजवळ शंभर वर्षं जुनं आहे. मूत्राशयात वापरलं जाणारं मुख्य हत्यार मुळात प्रोस्टेटसाठी घडवलेलं होतं.

त्याआधी मूत्राशयाच्या आत डोकावणं हेच कठीण होतं. लघवीतून रक्त जायचं, पण आत काय आहे हे कळायला मार्ग नव्हता. शल्यचिकित्सक थिओडोर बिलरोथ यांनी १८७४ साली ओटीपोट उघडून मूत्राशयातली गाठ काढली. अशा उघड्या शस्त्रक्रियेत कर्करोगाच्या पेशी जखमेत सांडायच्या आणि पुढे त्या जागीच रोग उगवायचा. १८७९ मध्ये माक्स निट्झे यांनी व्हिएन्नातले उपकरणकार योझेफ लाइटर यांच्या मदतीनं बनवलेला सिस्टोस्कोप, म्हणजे मूत्राशयात डोकावायची दुर्बीण, दाखवला. त्यात प्रकाशासाठी प्लॅटिनमची तार तापवून लाल-पांढरी करायची आणि ती आतून भाजू नये म्हणून भोवती थंड पाणी खेळवायचं, अशी योजना होती. काही वर्षांतच विजेचा छोटा दिवा आला आणि ही पाण्याची कटकट गेली.

दिसू लागल्यावर पोट न उघडता गाठ नष्ट करण्याची खटपट सुरू झाली. न्यूयॉर्कचे एडविन बीअर यांनी १९१० साली सिस्टोस्कोपमधून तार आत नेऊन उच्च वारंवारतेच्या विद्युतप्रवाहानं गाठी जाळल्याचं प्रसिद्ध केलं. पाण्यानं भरलेल्या मूत्राशयात वीज सोडायची कल्पना तेव्हा धाडसाचीच होती. लहान, देठाच्या गाठींवर ती उत्तम चालली. पण जळालेल्या गाठीतून तपासायला काहीच उरत नसे.

मग १९२६ मध्ये मॅक्सिमिलियन स्टर्न यांचा रेसेक्टोस्कोप, म्हणजे विजेच्या तारेचा फास बसवलेली कापायची दुर्बीण, आला. थिओडोर डेव्हिस आणि जोसेफ मॅकार्थी यांनी १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यात सुधारणा केल्या. कापणारा आणि रक्त थांबवणारा असे दोन्ही प्रवाह हाताशी आले. प्रोस्टेटसाठी हे हत्यार अगदी योग्य होतं. तिथे लघवीची अडलेली वाट मोकळी करायची असते, त्यामुळे तुकडे पडले तरी बिघडत नाही. तोच फास मूत्राशयातही सोयीचा पडला आणि तिथेच स्थिरावला. पुढे हॅरॉल्ड हॉपकिन्स यांच्या काचदंडाच्या भिंगांनी आणि फायबरच्या प्रकाशानं दृश्य कमालीचं स्वच्छ झालं, पण कापायची रीत तीच राहिली.

कर्करोगाच्या शस्त्रक्रियेचा एरवीचा नियम असा, की गाठ फोडायची नाही आणि भोवतालच्या निरोगी पेशींच्या कडेसह ती अखंड काढायची. मूत्राशयात मात्र आपण ती मुद्दाम चिरतो आणि तुकडे पाण्यात तरंगत ठेवतो. कित्येक दशकं याकडे काणाडोळा झाला, कारण पर्याय नव्हता. तुकड्यांचा खरा फटका पॅथॉलॉजिस्टला बसतो. त्याच्या टेबलावर कडा जळालेल्या, वेड्यावाकड्या चिपा येतात. वरची बाजू कोणती, खालची कोणती, हे सांगता येत नाही. आणि उपचाराचा सगळा निर्णय तर खोलीवर अवलंबून! गाठ अस्तरापुरती असेल तर टीए, त्याखालच्या थरात शिरली असेल तर टी१, आणि स्नायूत पोचली असेल तर टी२. टी२ म्हटलं की बहुधा मूत्राशय काढून टाकण्याची किंवा केमो-रेडिएशनची भाषा सुरू होते. म्हणून नमुन्यात डेट्रुसर, म्हणजे मूत्राशयाच्या भिंतीतला स्नायू, आला की नाही, ही शस्त्रक्रियेच्या दर्जाची एक कसोटी मानली जाते.

टी१ गाठींमध्ये ‘पूर्ण काढली’ असं वाटल्यानंतरही दुसऱ्या तपासणीत बऱ्याच रुग्णांमध्ये शिल्लक गाठ सापडते. त्यामुळे काही आठवड्यांनी पुन्हा शस्त्रक्रिया करण्याचा शिरस्ता पडला. रुग्णाला हे समजावून सांगणं सोपं नसतं.

अखंड काढण्याचे प्रयत्न प्रामुख्यानं जपानमधून सुरू झाले. १९८० मध्ये तिथल्या डॉक्टरांनी पॉलिप काढायचा फास मूत्राशयात वापरून पाहिला, आणि २००० च्या आसपास एन ब्लॉकची रीत नीट मांडली गेली. आधी गाठीभोवती काही मिलिमीटर अंतर सोडून गोल खूण करायची, मग कड कापून स्नायूच्या थरातून बुंधा सोडवायचा. नमुना कॉर्कवर ताणून टाचला की कड आणि तळ दोन्ही वाचता येतात.

याच सुमाराला साधनंही बदलली. मोनोपोलर विजेसाठी, म्हणजे रुग्णाच्या शरीरातून जाणाऱ्या प्रवाहासाठी, ग्लायसीनसारखं द्रव वापरावं लागे. ते रक्तात शिरलं तर सोडियम घसरायचं. बायपोलरमध्ये प्रवाह हत्याराच्या टोकाशीच परततो आणि साधं सलाइन चालतं. होल्मियम आणि थुलियम लेझरचा आणखी एक फायदा आहे. बाजूच्या भिंतीजवळ कापताना वीज मांडीच्या स्नायूंना जाणाऱ्या ऑब्टुरेटर मज्जातंतूला भिडली की रुग्णाची मांडी अचानक आत झटकते. फास आत असतानाच हा झटका बसला तर मूत्राशयाला भोक पडू शकतं. लेझरमध्ये शरीरातून वीजच जात नाही, त्यामुळे ही भीती उरत नाही.

पण साधन बदललं म्हणजे निकाल बदलला, असं गृहीत धरता येत नाही. हाँगकाँगमधल्या अनेक रुग्णालयांत झालेली यादृच्छिक चाचणी (रुग्णांना चिठ्ठी टाकल्यासारखं दोन गटांत वाटून केलेली तुलना) २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. तीन सेंटिमीटरपर्यंतच्या गाठींमध्ये वर्षभरात पुन्हा गाठ येण्याचं प्रमाण तुकड्यांच्या पद्धतीत सुमारे ३८ टक्के, तर एन ब्लॉकमध्ये सुमारे २९ टक्के निघालं. रोग पुढच्या टप्प्यात जाण्यात मात्र स्पष्ट फरक दिसला नाही. युरोपातल्या चाचण्यांत स्नायूचा नमुना मिळवण्यात एन ब्लॉक मागे पडलं नाही, पण गाठ परत येण्याबाबतचे निकाल सगळीकडे एकसारखे नाहीत. माझ्या मते हाँगकाँगचा निकाल गंभीरपणे घ्यावा, पण एका चाचणीवर जुन्या पद्धतीला रजा देण्याची घाई नको.

एक अडचण मात्र अगदी ठोस आहे. रेसेक्टोस्कोपच्या नळीचा व्यास जेमतेम आठ-नऊ मिलिमीटर असतो. अखंड सोडवलेली मोठी गाठ त्यातून बाहेर येणार कशी? पिशवी किंवा चिमटा वापरतात. तेही जमलं नाही तर ती आतच तोडावी लागते आणि मूळ हेतू अर्धा हुकतो. शिवाय खूप पसरलेल्या किंवा अनेक गाठी असतील तर अजूनही जुना फासच हाती घ्यावा लागतो. एन ब्लॉक नीट झालं असेल तर टी१ मध्ये दुसरी शस्त्रक्रिया टाळता येईल का, हा यापुढचा प्रश्न, आणि त्यावर सध्या अभ्यास चालू आहेत.